रक्तातली टरफलं

कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात होता, पण त्या कागदाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. डॉक्टर लोकांचे पुष्कळ चेहरे मी आजवर बघितलेत. कंटाळलेला, रागावलेला, 'गोड खाल्लंत ना?' असं तोंडानं न विचारता विचारणारा. हा त्यातला कुठलाच नव्हता.

"आजी, इन्सुलिन किती वर्षं घेताय म्हणालात?"

"एकोणचाळीस. पुढच्या वर्षी चाळीस भरतील." हे मी जरा ऐटीतच म्हणाले. आमच्या गल्लीत माझ्याइतका जुना पेशंट नाही.

"आणि तुमचं शरीर अजून इन्सुलिन बनवतंय."

"अजून म्हंजे?"

"म्हणजे ते कधी थांबलंच नव्हतं, असं दिसतंय."

मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. मी मुलाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. दोघंही भिंतीवरच्या पोटाच्या चित्रासारखी सपाट झाली होती. नातीनं मात्र खिशातून आईचा मोबाइल काढला, काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "अज्जी, दिवसाला दोन धरल्या तर अठ्ठावीस हजार चारशे सत्तर सुया. लीप वर्षाच्या वेगळ्या."

खुर्चीत बसलेली मी खुर्ची आणखी घट्ट धरून बसले.

अठ्ठावीस हजार सुया कुणी मला बांधून टोचल्या नव्हत्या. त्यात बावीस वर्षांच्या एका दीडशहाण्या पोरीचाही हात होता. ती पोर म्हणजे मीच. तिची हजेरी घेतल्याशिवाय हे सांगता यायचं नाही.

माझं माहेर अक्कलकोटकडचं. घरात कानडी, दारात मराठी. आमच्या अप्पांचं भुईमुगाच्या शेंगा आणि ज्वारीचं दुकान होतं. अप्पा काटक, उंच, पोट पाठीला लागलेलं. रोज सकाळी दुकान उघडलं की ते वजनाच्या पेटीत हात घालायचे. पावशेर-अच्छेरच्या वजनांखाली एक बाटली असायची. तिच्यातली एक पांढरी गोळी काढून अडकित्त्यानं बरोबर मधोमध कापायची, अर्धी तोंडात टाकायची आणि अर्धी परत. मी सात-आठ वर्षांची असताना ते बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हेळब्याड," म्हणाले. म्हणजे सांगू नकोस. गोळी साखरेच्या रोगाची होती हे मला पुढं कळलं. सांगायचं नाही हे मात्र त्याच दिवशी पक्कं झालं. घरात तीन मुली लग्नाच्या. बापाला साखर आहे असं बाहेर गेलं असतं, तर शेंगा घ्यायला आलेल्या माणसांनीसुद्धा आधी पोरींकडे आणि मग पोत्याकडे बघितलं असतं.

माझं लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलंच होतं, "घरात काय दुखणंभानं?" अप्पा म्हणाले, "काही नाही." मी आत पोहे करत होते. चमचा थांबला, पण मी काही बाहेर आले नाही.

तर मुलगा सहा महिन्यांचा असताना माझ्या पाठीवर एक फोड आला आणि दोन महिने भरेना. दवाखान्यात रक्त तपासलं तर शुगर. मी काडीसारखी बारीक, वय बावीस. त्या काळी अशा माणसाला शुगर निघाली की इंजेक्शन लिहिलेलंच. डॉक्टरांनी विचारलं, "माहेरी कुणाला शुगर?"

शेजारी सासूबाई माझी पिशवी धरून उभ्या होत्या. मोहोळकडच्या, आवाज मोट्ठा. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "हिच्या माहेरी कुणाला काय न्हाय. आमी इचारून केलीया."

आता ह्या बावळटीनं काय करावं? गप्प राहिली असती तरी चाललं असतं. नाही! मान हलवून वर म्हणाली, "आमच्यात म्हातारी माणसंसुदा धडधाकट हायत." डॉक्टरांनी लिहून घेतलं: कुटुंबात कुणालाही नाही.

आज तिच्यावर हसते खरी. पण मांडीवर सहा महिन्यांचं पोर होतं आणि 'फसवून दिली' हे दोन शब्द सासूबाईंच्या तोंडून निघायला किती वेळ लागला असता ते तिला नीट माहीत होतं. नवऱ्याला माझी शुगर ठाऊक होती, अप्पांची नव्हती. तो शेवटपर्यंत माझ्या औषधाच्या बाटलीसाठी बर्फ आणत राहिला आणि त्याला मी हे एवढं एक सांगितलं नाही.

माझी शुगर घरात ठाऊक, बाहेर मात्र तीही झाकायची; आणि एकदा झाकायला लागलं की माणूस किती कल्पक होतं बघा. फ्रिज नव्हता. सोलापूरचा उन्हाळा. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मी एका जुन्या माठात ठेवायची आणि माठ 'विटाळाचा, हात लावू नये' असं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलेलं. काचेची पिचकारी चहाच्या पातेल्यात उकळायची. एकदा मी पिचकारी काढली आणि सासूबाईंनी त्याच पाण्यात चहा टाकला. पिऊन म्हणाल्या, "आज चहा बरा झालाय की." शेजारणींनी पिचकारी बघितलीच तेव्हा मी सांगितलं, ताकदीचं इंजेक्शन आहे. झालं! दोघी जणी त्यांच्यासाठीही लिहून आणा म्हणून मागे लागल्या.

जेऊरला एका लग्नाला गेले तेव्हा तर थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात बाटली. वऱ्हाडातल्या एका पाहुण्यानं चहा समजून थर्मास कपात उपडा केला. आधी गार पाणी, मग टुणकन औषध. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. "डोळ्याचं हाय," मी म्हणाले. मग दिवसभर एक डोळा मिचकावत हिंडले. कुठला डोळा ते दुपारनंतर विसरले आणि दुसराच मिचकावायला लागले.

सासूबाई गेल्या, नवरा गेला, तरी पुढच्या प्रत्येक दवाखान्यात मी तेच सांगत राहिले. आता भीती कुणाची होती? कुणाचीच नाही. पण पहिल्या कागदावरून दुसऱ्या कागदावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ते वाक्य उतरत गेलं होतं. छापील अक्षरातसुद्धा आलं. छापलेल्याला खोटं कसं पाडायचं?

आणि मग यंदा नातीला शुगर निघाली.

तेरा वर्षांची पोर. शाळेत खो-खो खेळते, पाठलागात तिच्या हाताला लागलेली मुलगी सुटत नाही. ताप आला म्हणून रक्त तपासलं तर साखर वाढलेली. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, लहान मुलांची शुगर आहे, टाइप वन. आता आयुष्यभर इंजेक्शन. सुनेनं तिथंच पदर तोंडाला लावला. घरी आल्यावर नात माझ्याजवळ येऊन बसली. "अज्जी, आयुष्यभर म्हणजे तुझ्यासारखं?"

"व्हय की. सवय होती," मी म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, मला आत कुठंतरी बरं वाटलं. घरात माझ्या विद्येला गिऱ्हाईक आलं होतं. कुठं टोचायचं, दंड नको, पोट बरं, सुई कशी तिरकी धरायची, सगळं मी तिला शिकवलं. ती सुई पोटापाशी नेऊन परत मागं घ्यायची. मी वरून म्हणायची, "मी तर पातेल्यात उकळून टोचायची, तुला आयतं सुईचं पेन मिळालंय."

पुढं तीन महिन्यांत तिची साखर दोनदा मैदानावरच खाली गेली. एकदा तर पळता पळता खांबाला धरून बसली, घामानं निथळत. शाळेनं संघातून काढलं. सून रात्रंदिवस स्वतःला कोसायची, "मीच हिला लहानपणी बिस्किटांवर वाढवली." तिला कोण म्हणालं होतं ते? मीच. शुगर निघाली त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात म्हणाले होते, "लई गोड खाऊ घातलंस पोरीला."

शेवटी कुणीतरी ह्या डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. बाई तरुण, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी नातीचे सगळे कागद पसरले आणि म्हणाल्या, "हिचं मला टाइप वनसारखं वाटत नाही. एवढी साखर असून पोर आजारी दिसत नव्हती, लघवीत किटोन नव्हते, रक्तातल्या दुसऱ्या खुणाही नाहीत. घरात कुणाला?"

"आमच्या आत्यांना आहे, बावीस वर्षांच्या होत्या तेव्हापासून," सून म्हणाली. ती मला आत्या म्हणते. "पण त्यांच्या माहेरी कुणाला नाही. फाइलवर लिहिलंय."

"कुणालाच नाही, आजी?"

समोर नात बसलेली. आता तरी बोलावं की नाही? माझी जीभ इतकी सरावलेली, की मी विचार करायच्या आधीच ती बोलून मोकळी झाली. "कुणालाच न्हाय."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, नातीबरोबर माझंही रक्त तपासायचं. सी-पेप्टाइड नावाची तपासणी.

"माझं कशाला? मी तर मुरलेली हाय."

"म्हणूनच," बाई हसल्या. "पोटात स्वादुपिंड असतं, ते इन्सुलिन बनवतं. बनवताना आधी एक लांब साखळी तयार होते, मग ती तुटते. एक भाग इन्सुलिन आणि सोबत एक तुकडा सुटा पडतो, तो सी-पेप्टाइड. जेवढं इन्सुलिन, तेवढेच हे तुकडे. तुम्ही बाहेरून टोचता त्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो."

मी शेंगावाल्याची पोर. म्हणाले, "म्हंजे टरफलं."

"काय?"

"घरात शेंगा फोडल्या की टरफलं पडत्यात. बाजारातनं सोललेले दाणे आणले तर दाणे दिसतील, टरफल न्हाय. टरफलं मोजली की कळतंय, घरात किती शेंगा फुटल्या."

बाईंनी टेबलावर हात आपटला. "अगदी टरफलंच! बरं, नातीची टरफलं मोजली तरी मी लगेच विश्वास ठेवणार नाही. टाइप वन असली तरी पहिली काही वर्षं थोडं इन्सुलिन बनतच असतं. पण तुमची एकोणचाळीस वर्षं झाली. तुमच्यात ती असती तर आता जवळपास काहीच उरायला नको. तुमच्या रक्तावरून मला हिचं कळेल."

जेवून या, जेवणानंतर दीड तासानं रक्त काढू, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी खायला सांगितल्याचा योग एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आला होता. मी सुनेदेखत दोन शेंगापोळ्या खाल्ल्या, वर तूप. रक्त काढणारी मुलगी सोलापूरच्या पूर्वभागातली, तेलुगू घरातली. "अम्मा, मूठ घट्ट धरा," म्हणाली. मी धरली. मला काय, सुयांची सवय. आत काय सापडणार ते माहीतच होतं: काही नाही. रिकामं पोतं.

आणि आता तो कागद आला होता. नातीच्या रक्तात टरफलं होती. माझ्या रक्तातही होती. चांगली ओंजळभर. मूत्रपिंडं बिघडली असली तर हा आकडा उगाच वाढतो म्हणून बाईंनी तेही तपासून घेतलं होतं. ती ठणठणीत होती.

"म्हणजे तुम्हाला टाइप वन नाही, आजी. बहुधा कधीच नव्हती," बाई म्हणाल्या. "एक प्रकार असतो, रक्ताच्या नात्यातून उतरत येतो. तरुणपणी निघतो, बारीक माणसालाही होतो. त्यातल्या काहींना छोट्याशा गोळीवर भागतं. पण अशी शुगर एकट्या माणसाला सहसा होत नाही. आई किंवा वडील, कुणाला तरी असते."

मग त्यांनी फाइल उलगडली आणि त्या छापील वाक्यावर बोट ठेवलं.

पंखा फिरत होता. आणि मला काय दिसावं? अडकित्ता. पांढरी गोळी. मधोमध टक.

"अप्पांना होती," मी म्हणाले.

"कुणाला?" सून.

"माझ्या वडलांना. मी लहान असल्यापास्नं. अर्धी गोळी घ्यायचे. सत्तरीपतूर दुकानावर बसले." माझाच आवाज मला कुणा दुसऱ्या बाईचा वाटत होता. "मी खोटं सांगितलं. तवापास्नं सगळ्यांना."

"अर्धी गोळी," बाई हळूच म्हणाल्या.

नात माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. डोळे एवढे मोठे करून, जणू मी एकदम कानडीतून इंग्रजीत बोलायला लागले होते.

तेवढ्यात मुलगा खाकरला. माझा हा मुलगा एकोणचाळीस वर्षांचा, चादरींच्या दुकानात मॅनेजर, मोजकं बोलणारा. तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "मॅडम, मला पण आहे."

"काय आहे?" सून वळली.

"शुगर. चार वर्षं झाली. विम्याच्या तपासणीत निघाली."

"अहो!"

"गोळी घेतो. अर्धीच. पूर्ण घेतली की घाम फुटतो, हातपाय कापतात."

बाईंनी पेन उचललं आणि गोळीचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. त्या ते लिहून घेत असताना सून उभीच राहिली. "ती डिकीतली बाटली? ॲसिडिटीची म्हणाला होतात! चार वर्षं? आणि मी इथं तीन महिने पोरीच्या बिस्किटांचे पुडे मोजत रडतेय? रोज रडतेय, तुम्ही दोघं बघताय, आणि एकानंही…" मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता येणार ते 'फसवून'वाले दोन शब्द. ते आले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "आत्या, तुम्ही मला म्हणालात, लई गोड खाऊ घातलंस."

सासूबाईंनी हयातभर मला जे ऐकवलं असतं, ते सगळं एकत्र केलं असतं तरी एवढं लागलं नसतं. मला मान वर करता येईना. बावीस वर्षांच्या त्या पोरीवर सगळं ढकलून मी आजवर हसत आले. पण स्वयंपाकघरात सुनेला ते ऐकवणारी बाई बावीसची नव्हती, एकसष्टची होती.

बाई समजूतदार. म्हणाल्या, "आजी, तेव्हा तुम्ही खरं सांगितलं असतं तरी कदाचित कळलं नसतं. ही तपासणी सगळीकडे नव्हती, हा प्रकारही फारसा कुणाला माहीत नव्हता."

"आणि मागची दहा-पंधरा वर्षं?" मी विचारलं.

त्यांनी फाइल मिटली आणि नव्या तपासणीच्या कागदावर आमची नावं लिहायला घेतली.

मग तिघांचंही रक्त बाहेरगावी पाठवलं. टरफलांवरून अंदाज बांधता येतो, खात्री जीनच्या तपासणीनंच होते म्हणाल्या. तोवर कुणीही आपल्या मनानं इंजेक्शन सोडायचं नाही, असं माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. माझा चेहराच तसा असावा. कागद यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात सून नवऱ्याशी भाजी-भाकरीपुरतं बोलली आणि माझ्याशी त्याहून थोडं जास्त. मी तिला रोज शेंगा सोलून द्यायची, चटणीसाठी. ती घ्यायची, 'ठेवा तिथं' म्हणायची. एका दुपारी ती माझ्यासमोर पाट ओढून बसली आणि स्वतःही सोलायला लागली. टरफलांचा ढीग मोठा होत गेला.

तिघांत एकच बिघाड निघाला, एकाच जागी. अप्पांचं दुकान बंद होऊन किती वर्षं झाली, पण त्यांचा माल अजून घरात येतच होता.

नातीचं इंजेक्शन बाईंनी थोडं थोडं कमी करत बंद केलं आणि अर्धी गोळी दिली. पहिले काही दिवस दिवसातून चारदा बोट टोचून बघत होतो. साखर बसली जागेवर. परवा ती पुन्हा खो-खोच्या सरावाला गेली, खिशात ग्लुकोजची पुडी घेऊन. मलाही गोळी देऊन इंजेक्शन कमी कमी करत आणलंय, सकाळचं बंद झालं, संध्याकाळचं एवढंसं उरलंय. सकाळी उठले की हात आपोआप पोटावरचं लुगडं बाजूला करतो. मग मी बसते तशीच, चिमटीत कातडी धरून, पुढं काय करायचं ते न कळून. नात म्हणते, अज्जी हँग झाली.

गोळी हातानं मोडते, बाईंनी दाखवली होती मोडून. तरी मी रोज अडकित्त्यानंच कापते. तिघांच्या बाटल्या सुनेनं एका स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा स्वयंपाकघरात समोरच्या फळीवर ठेवला, शेंगाच्या चटणीच्या बरणीशेजारी. "आता डिकी नाही, माठ नाही," म्हणाली.

काल शेजारीण वाटीभर चटणी मागायला आली. मी डब्याचं झाकण उघडून नातीची गोळी कापत होते. नात समोर वेणी घालत बसली होती.

"कसल्या ओ ह्या गोळ्या? कुणाच्या?"

"ताकदी…" माझी जीभ निघालीच होती. नातीचा हात वेणीत थांबला.

"साखरेच्या," मी म्हणाले. "माझ्या, पोराच्या आणि हिच्या. आमच्या वडलांपास्नं हाय."

शेजारणीनं वाटी खाली ठेवली. "अगं बाई! पोरीला पण?" मग दाराकडे एकदा बघून, आवाज उतरवून, अगदी मायेनं म्हणाली, "सांगू नका बरं का कुणाला. उद्या लग्नाचं बघायचं हाय तिच्या."

अप्पांचंच वाक्य. कानडीतून मराठीत आलेलं, एवढाच फरक. मला इतका धक्का बसला की अर्धी गोळी उडून चटणीच्या बरणीमागे गेली. नातीनं ती शोधून काढली, फुंकर मारली आणि माझ्या हातात ठेवली. मग माझ्याकडे बघत उभी राहिली, मी काय म्हणते ते ऐकायला.

"असं कसं?" मी शेजारणीला म्हणाले. "तुमीच सांगा की गल्लीत सगळ्यांना. माझं गुडघं दुखतंय, मला एवढ्या घरी जाणं होत न्हाय."